किती अंश म्हणजे थंडी?

सेलूत डिसेंबरच्या पहाटे मोटारसायकल पहिल्याच किकला सुरू झाली, तर नशीब समजा. मग विमानाचं काय होत असेल? माझ्या संशोधनातला एक प्रश्न इथूनच निघाला: पिस्टन इंजिनाची विमानं हिवाळ्यात उड्डाणासाठी कशी तयार करत?

यावर सापडणारं बरंचसं लिखाण कॅनडा-अलास्काकडचं. तिथले वैमानिक रात्री इंजिनातलं तेल काढून घरात नेत आणि सकाळी गरम करून परत ओतत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इंजिन बंद करण्यापूर्वी तेलात थोडं पेट्रोल मिसळायची युक्तीही वापरली गेली. तेल पातळ राही आणि इंजिन तापलं की पेट्रोल उडून जाई.

आता आपल्या नागपूरला या. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं रात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या शहरी परतत. जानेवारी, मध्यरात्र, पिस्टन इंजिन! मी आराखड्यात लिहूनही टाकलं, की इथेही तेल गरम करत असणार. पुरावा? शून्य. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "नागपुरात पारा किती उतरतो?"

२९ डिसेंबर २०१८ला तिथे ३.५ अंश नोंदले गेले, आणि तो विक्रम होता. आजच्या लहान विमानांच्या इंजिनांना आधी ऊब द्या, असं उत्पादक सांगतात ते साधारण उणे ७ ते उणे १२ अंशांखाली. माझं वाक्य तिथेच बाद झालं.

प्रश्न मात्र संपला नाही, बदलला. आपल्या थंडीत खरी काळजी दवाची. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री बाष्पाचं पाणी होतं आणि तळाशी बसतं, म्हणून उड्डाणापूर्वी तळातून इंधन काढून बघायचं. कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना हवा इतकी गार होते, की बाहेर १५ अंश असले तरी आत बर्फ धरू शकतो. म्हणून गरम हवेची सोय चालते ना, ते तपासायचं. तेल घट्ट झालेलं असतं, तेव्हा इंजिन सुरू होताच नजर तेलाच्या दाबावर.

तुम्हीही परक्या मुलखातल्या साधनांवरून आपल्या भागाबद्दल लिहाल, तेव्हा आधी शब्दामागचा आकडा शोधा. मी आता जुन्या नोंदींत 'थंडी' शोधत नाही. धुकं, दव आणि टाकीतलं पाणी शोधतो.