मुक्ताचा प्रश्न आणि ‘ज्ञानोदया’चे पान

लोह्याच्या एका अभ्यासवर्गात मुक्ता साळवेचा निबंध मोठ्याने वाचला. वर्गात पंचवीस-तीस मुले-मुली होती. बहुतेक मांगवाड्यातली आणि बौद्धवाड्यातली, दोघी-तिघी ख्रिस्ती घरांतल्या. वाचन संपल्यावर मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, ‘सर, हे ख्रिश्चनांच्याच पेपरात का छापून आलं?’ त्याच्या बोलण्यात कुतूहल कमी आणि संशय जास्त होता. मिशनरी म्हणजे भाकरीचा तुकडा दाखवून धर्म बुडवणारे, हे त्याने कुठेतरी ऐकलेले होते. कुठे ऐकले, हे विचारण्याची गरज नव्हती. तो संशय त्याच्या घरचा नव्हता, वाड्यावरून खाली उतरलेला होता. प्रश्न मात्र खरा होता आणि त्याचे उत्तर मला त्या दिवशी दोन वाक्यांत देता आले नाही.

‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे नियतकालिक. ते जून १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू झाले. या नियतकालिकाच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत मुक्ताचा निबंध दोन भागांत छापला गेला. विषय, मांगमहारांचे दुःख. लिहिणारी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, वयात नुकती येत असलेली मांगाची पोर. १८५५ साली मराठीत नियतकालिकांचा दुष्काळ होता असे मुळीच नाही. बाळशास्त्र्यांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघून पुढे बंदही पडले होते. मुंबईत १८४१ पासून भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ होता आणि त्यात लोकहितवादींची शतपत्रे येऊन गेली होती. खुद्द पुण्यात १८४९ पासून ‘ज्ञानप्रकाश’ चालू होता. या पानांवर सुधारणेची चर्चा होत होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती चर्चा वरच्या जातींची आपसांतली चर्चा होती. महारामांगांविषयी कधी कोणी लिहिलेही असेल. महारामांगांनी लिहिलेले छापावयाचे, ही कल्पना त्या जगाला सुचण्यासारखी नव्हती.

मग ती मिशनला का सुचली? येथे भाबडेपणा सोडला पाहिजे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले ते धर्मप्रसारासाठी. छापखाना त्यांनी घातला तो पुस्तिका आणि पवित्र शास्त्र छापण्यासाठी. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये मराठी टाइप ओतण्याचे आणि अक्षर सुबक करण्याचे जे काम झाले, त्यातून मराठी मुद्रण उभे राहिले. गणपत कृष्णाजी तिथल्या छपाईकडे पाहूनच या धंद्यात उतरले. पुढे ‘निर्णयसागर’ काढणारे जावजी दादाजी पोरवयात त्याच छापखान्यात कामाला होते. गंमत अशी की, मूर्तिपूजेच्या खंडनासाठी जी अक्षरकला इथे आली, तीच हाती धरून गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले आणि निर्णयसागराने संस्कृत पोथ्या. यंत्राला धर्म नसतो. यंत्राच्या मालकाला असतो. ब्राह्मणी धर्माचे क्रौर्य मांगाच्या मुलीच्या तोंडून बाहेर पडते आहे, यात ‘ज्ञानोदया’च्या चालकांना आपल्या प्रचाराचा पुरावा दिसला असणार. त्या पानाला मुक्ताची गरज होती, हे उघड आहे.

पण एवढ्यावर हिशेब मिटत नाही. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुलींची शाळा कशी चालते हे त्यांनी नगरला मिस फेरार यांच्या शाळेत पाहिले आणि मग १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सप्टेंबर १८५३ च्या ‘ज्ञानोदया’त जोतीरावांचे आपल्या या कामाविषयीचे निवेदन आले होते. म्हणजे मुक्ताचा निबंध त्या पानावर वाट चुकून आलेला नव्हता. ज्या शाळेच्या बाईंवर रस्त्यात शेण फेकले जात होते, त्या शाळेची दखल घेणारे ते एक पान होते आणि शाळेने ते जाणून वापरले. वापर दोन्ही बाजूंनी होता, असे माझे मत आहे.

आता निबंधाकडे. सभांमधून हमखास एक गोष्ट सांगितली जाते. साहेबाने मुक्ताला चॉकलेट देऊ केले आणि तिने ग्रंथालय मागितले. टाळ्या पडतात. निबंध मात्र वाचला जात नाही. वाचला तर टाळ्या पडणार नाहीत, घाम फुटेल. ती युक्तिवाद करते तो असा की, वेद ही ब्राह्मणांची खाजगी मालमत्ता असेल आणि आम्हाला ते पाहण्याचीही बंदी असेल, तर आम्हाला धर्मग्रंथच नाही, आणि ग्रंथ नाही म्हणजे आम्ही धर्मरहित माणसे. मग ती देवालाच विचारते की, आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळू दे. ज्या धर्मात एकाने भोगावे आणि बाकीच्यांनी तोंडाकडे पाहावे, तो धर्म पृथ्वीवरून जावो, असेही बजावते. बाजीरावाच्या काळात तालमीपुढून जाणाऱ्या मांगामहाराचे काय होत असे, इमारतींच्या पायांत शेंदूर-तेल पाजून माणसे कशी पुरली जात, उन्हापावसात छपराविना आमच्या बाया कशा बाळंत होतात, हे ती नाव घेऊन, जागा दाखवून सांगते. इंग्रजी राज्याचे आभारही ती मानते. आजच्या वाचकाला ते खुपते. पेशवाईत जिच्या आज्याला दिवसा रस्त्यावर चालणे मुश्किल होते, तिने १८५५ साली कोणाचे आभार मानावयास हवे होते, हे खुपणाऱ्यांनी सांगावे.

या निबंधात बाप्तिस्म्याची मागणी नाही. हे मी त्या मुलाला मुद्दाम सांगितले. ख्रिस्ती पत्राच्या पानावर उभी राहून ही मुलगी धर्म कोणता, असे देवाला विचारते. पाद्र्याला विचारत नाही. पान उसने होते, प्रश्न तिचा होता.

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या चळवळीच्या व्याख्यानांत सहसा गाळली जाते. ब्राह्मणांचे वारे अंगात शिरल्यामुळे महारसुद्धा मांगाला हलका मानतात, मांगाची सावली त्यांनाही बाटवते, असे मुक्ता स्पष्ट लिहिते. बाबासाहेबांनी पुढे ज्याला पायऱ्यापायऱ्यांची विषमता म्हटले, ते तिने आपल्या गल्लीत पाहिले होते. लोह्याच्या वर्गात हे वाक्य आले तेव्हा बौद्धवाड्यातली पोरे खाली पाहू लागली आणि मांगवाड्यातली एकमेकांकडे. मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग पोचिराम कांबळे यांचे नाव काढले. आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे मातंग. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत ‘जय भीम’ म्हणणे सोडले नाही म्हणून जाळून मारले गेले. मुक्ताच्या तक्रारीला मराठवाड्यातल्या एका मांगाने एवढ्या किमतीचे उत्तर दिले. महाराकडून तेवढ्या किमतीचे उत्तर अजून यावयाचे आहे.

१८५५ साली लोहा निजामाच्या मुलखात होते. नांदेडहून लातूरकडे जाणारी ही वाट, पुढे माळेगाव, तिथली खंडोबाची जत्रा, तिथली हलगी, सगळे तेव्हाही असणार. मांगाच्या वाट्याला हलगी होती, केरसुणी होती, दोरखंड होते, पाटी नव्हती. मराठवाड्यात ख्रिस्ती धर्म मांगांपर्यंत पोचला तो प्रामुख्याने जालन्याच्या बाजूने, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या हातून. त्यांची कथा सांगण्यासारखी आहे. ते दक्षिणी ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहिला म्हणून खटला झाला, कोर्टाने मुलाला बापाच्या हवाली केले आणि त्याला जातीत परत घ्यावयाचे की नाही यावर महाराष्ट्रभर शास्त्रार्थ माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी खटपट केली म्हणून त्यांनाही सनातन्यांचा रोष सहन करावा लागला. एका ब्राह्मण मुलाच्या जातीसाठी एवढी शाई आणि एवढा श्वास खर्च झाला. पुढे याच नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल नावाचे गाव वसवले. तिथे येऊन राहिलेले बहुसंख्य लोक मांग. त्यांच्या जातीत परत येण्याविषयी कोणी शास्त्रार्थ केला नाही. ते गेले काय आणि राहिले काय, धर्माच्या रखवालदारांना त्याचे सुतक नव्हते.

चर्चनेही त्यांना किती जवळ केले? मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की आपल्यापुढे नावे येतात ती बाबा पदमनजींची, पंडिता रमाबाईंची, रेव्हरंड ना. वा. टिळकांची आणि लक्ष्मीबाईंची. ही माणसे मोठी होती, यात वाद नाही. टिळकांनी १९१२ पासून ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळली. इंग्रजी चालीची गाणी मागे सारून त्यांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले. ख्रिस्त मराठी झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह योग्यच होता. पण कोणाचा मराठी? चर्चमध्ये बसणाऱ्यांत महार आणि मांग सर्वांत जास्त, आणि त्या चर्चची भाषा घडली ती संतांच्या वाटेने, ब्राह्मण कवीच्या हातून. हलगीला तिथे जागा मिळावयास पुष्कळ काळ जावा लागला. बाप्तिस्मा झाला तरी गावात वस्ती तीच राहिली, पाणवठा तोच राहिला, आणि ‘कोण रे तू?’ या प्रश्नाचे गावाने स्वीकारलेले उत्तरही तेच राहिले.

मुक्ताच्या प्रश्नाचे पहिले मोकळे उत्तर तिच्या गुरूनेच दिले. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी ‘गुलामगिरी’त येशूला बळीच्या रांगेत बसवले आणि मिशनच्या दारातून आपल्या वाटेने बाहेर पडले. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एक कुटुंब आहे. त्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका घरात मायेने राहावे. आपल्याकडे या पानाचा जेवढा विचार व्हावयास हवा तेवढा झालेला नाही.

पानाच्या मालकीचे उत्तर मात्र त्यानंतर मिळत गेले. गोपाळबाबा वलंगकर ‘दीनबंधू’सारख्या पत्रांतून लिहीत होते. १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ काढले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला, त्यानंतर ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’. दुसऱ्याच्या पानावर पुरावा म्हणून छापले जाणे आणि आपल्या पानावर संपादक म्हणून लिहिणे यांतले अंतर चालायला पासष्ट वर्षे लागली. त्या पासष्ट वर्षांत मुक्ताच्या हातचा दुसरा एकही लेख आपल्यापर्यंत आलेला नाही. पान उसने असले की ते एकदा मिळते.

धर्मांतराच्या घोषणेनंतर, १ जानेवारी १९३८ रोजी, बाबासाहेब सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढे बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला भारून टाकले, असे त्यांनी सांगितले आणि लगेच खडसावलेही. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात शाबूत आहे, आणि मिशनच्या पैशावर शिकलेला ख्रिस्ती समाज आपल्या लोकांच्या हक्कांसाठी सरकारशी झगडत नाही. हे दुसरे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. विश्वास रविवारचा आणि अन्याय सोमवार ते शनिवारचा, अशी वाटणी बाबासाहेबांना मान्य नव्हती.

ही वाटणी पुढे राज्यानेच कागदावर केली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज कोणाला अनुसूचित जातीचा मानले नाही. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी असे सुचवले. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमण्यात आला. चौतीस वर्षे आपण बौद्ध म्हणून ज्या दाराबाहेर उभे होतो, त्याच दाराबाहेर ही माणसे उभी आहेत. आत आल्यावर आपण मागे वळून फारसे पाहिलेले नाही. सवलतींची भाकर आणखी वाटली गेली तर आपल्याला कमी पडेल, ही भीती मी आपल्याच बैठकांत ऐकली आहे. भीती खोटी नाही. पण तिला तत्त्वज्ञानाचा पोशाख चढवू नये.

त्या दिवशी वर्ग उठता उठता एका मुलीने विचारले. तिच्या आजीने बाप्तिस्मा घेतलेला. घरात भिंतीवर क्रूस, दाखल्यावर हिंदू-मांग. ‘सर, मुक्तानं पुढं कोणता धर्म घेतला?’

मी म्हणालो, निबंध तिथेच संपतो.

‘ज्ञानोदया’विषयी संशय घेणारा मुलगा दाराशी थांबला होता. त्याने निबंधाची झेरॉक्स मागितली. माझ्याजवळ दोन प्रती होत्या. एक त्याला दिली. दुसरी तिने घेतली, आजीला वाचून दाखवायची म्हणून.