बंदरविषयक संशोधनाची वाटचाल आणि घाटावरील पृष्ठप्रदेश : बारामती-इंदापूरच्या संदर्भात

महाराष्ट्रातील बंदरे व सागरी व्यापार यांविषयीच्या संशोधनाचा मागोवा घेऊन, बारामती-इंदापूरसारख्या समुद्रापासून दूरच्या तालुक्यांना त्यात स्थान का मिळावे, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन केले आणि कोकणच्या प्राचीन बंदरांचा अभ्यास पुरातत्त्वाच्या आधारावर उभा राहिला. पुढे सुरेंद्रनाथ सेन (१९२८) व बी. के. आपटे (१९७३) यांच्या ग्रंथांनी मराठ्यांच्या आरमाराकडे लक्ष वेधले. आपटे यांनी व्यापारी जहाजांचाही विचार केला होता. तथापि मराठी लेखनात आंग्रे व जलदुर्ग यांचेच वर्चस्व राहिले. आरमारी लढायांचा तपशील आपणांस ठाऊक असतो. गलबतातील माल कोणत्या गावचा, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

वास्तविक साधने याविषयी मूक नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण हे भडोचपासून २० दिवसांच्या, तर तेर हे पैठणपासून १० दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद आहे. कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात म्हटले आहे. बंदराचे भवितव्य राजसत्ता व देशावरील मार्ग ठरवीत होते, हाच याचा अर्थ. हिमांशु प्रभा राय (१९८६) यांनी सातवाहनकालीन विहार, श्रेणी व व्यापारमार्ग यांचा संबंध तपासला. इंदू बंगा संपादित ग्रंथाने (१९९२) बंदर व पृष्ठप्रदेश हे एकत्र अभ्यासाचे विषय मानले.

ही दृष्टी बारामतीला लावून पाहता येते. नीरा डाव्या कालव्यामुळे ऊस वाढला, गुळाची पेठ भरभराटीस आली. १९१४ मध्ये दौंड-बारामती अरुंदमापी रेल्वे सुरू होऊन ही पेठ मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गाशी जोडली गेली. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले आणि कंटेनर वाहतुकीचे नवे पर्व आले. निर्यातक्षम द्राक्षे आता बागेजवळच प्रतवारी व पूर्वशीतकरण होऊन रीफर कंटेनरमध्ये भरली जातात. बंदरातील कामाचा काही भाग अशा रीतीने शेताच्या बांधावर आला आहे. वाणिज्य विभाग निर्यात शिकवतो, भूगोल विभाग सिंचन. इतिहास विभाग बहुधा किल्ल्यांतच रमतो.

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्याच्या पृष्ठप्रदेशाचा विचार करताना जुन्या पेठांचा अनुभव उपयोगी पडेल. पण त्यासाठी अडत्यांच्या खतावण्या, बाजार समित्यांची दप्तरे व रेल्वेच्या मालनोंदी अभ्यासकांच्या हाती यावयास हव्यात. यांपैकी खतावण्या खासगी घरांत आहेत आणि घर पाडताना त्या प्रथम रद्दीत जातात.