अकराव्या वर्षाची चाळणी

कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आम्ही इंग्लंडातील शाळांविषयी का बोलावे, असे श्रोत्यांस वाटेल. आमचे उत्तर सरळ आहे. कारखान्यात कोण जाणार आणि कचेरीत कोण बसणार, हे त्या देशात बरीच वर्षे मुलाच्या अकराव्या वर्षीच ठरत असे.

१९४४ साली बटलर ह्यांच्या कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले. ही मोठीच गोष्ट होती. परंतु सरकारी शाळा एका तऱ्हेच्या नव्हत्या. अकराव्या वर्षी गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापन ह्यांची परीक्षा होई. साधारण पाचांतील एक मूल ग्रामर स्कूलमध्ये जाई; विद्यापीठाची वाट तेथूनच होती. थोडी मुले तांत्रिक शाळांत जात. उरलेली ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळेत, आणि त्यांतली बहुतेक पंधराव्या वर्षी प्रमाणपत्रावाचून कामाला लागत.

परीक्षा निःपक्षपाती आहे, असे सांगत. परंतु ग्रामर स्कूलच्या जागा कोठे भरपूर, तर कोठे मोजक्याच. मुलींच्या जागा कमी असत तेथे त्यांना मुलांहून अधिक गुण मिळवावे लागत. तेवढ्याच गुणांवर एका गावी मूल उत्तीर्ण, शेजारच्या गावी अनुत्तीर्ण!

१९६५ मध्ये मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री क्रॉसलंड ह्यांनी सर्व मुलांसाठी सामायिक शाळा काढण्याची विनंती स्थानिक मंडळांना केली. पुढील दहापंधरा वर्षांत बहुतेक ठिकाणी तशा शाळा झाल्या. तरी इंग्लंडात आजही १६३ ग्रामर स्कूल आहेत.

मग १९८८ च्या कायद्याने पालकांचा निवडीचा हक्क वाढविला आणि शाळेचा पैसा पटसंख्येवर बेतला. निवड हा शब्द गोड खरा. पण जागा शंभर आणि अर्ज तीनशे आले, की शाळेचे नियमच मूल निवडतात. त्या नियमांत घरापासूनचे अंतर पुष्कळदा निर्णायक ठरते. साहजिकच नामांकित शाळेजवळची घरे महागली. पूर्वी मुलाचे गुण विचारीत, आता घराचा पत्ता विचारतात.

आपल्याकडेही कोठारी आयोगाने १९६६ साली शेजारशाळेची शिफारस केली होती. ती बव्हंशी कागदावरच राहिली.

वेतनकरार तपासताना आम्ही तळच्या कामगाराच्या हाती काय पडले, ते आधी पाहतो. शाळांनाही हीच कसोटी लावा. ज्या शाळेसाठी कोणी रांग लावीत नाही, तेथे गेलेल्या मुलाला काय मिळते, हे आधी विचारा.