हळदीची साठवण आणि विक्रीची वेळ (सांगली–सातारा)

पीक निघताच न विकता भाववाढीच्या अपेक्षेने हळद राखून ठेवणे आणि संधी साधून सौद्यात काढणे, हा सांगली बाजारपेठेतला जुना व्यवहार. शेअरबाजारात काही दिवस वा आठवडे समभाग धरून भावाच्या एका हेलकाव्यावर नफा काढणारा स्विंग ट्रेडर ज्या प्रश्नाशी झगडतो, तोच इथे आहे : धरायचे किती आणि सोडायचे केव्हा? फरक एवढाच, की इथल्या मालाला वजन असते आणि ओलही लागते.

सुमारे नऊ महिन्यांचे हे पीक काढणीनंतर शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात येते. सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात अडत्यांच्या दुकानी त्याचे सौदे निघतात. साताऱ्यातील वाई, कराड भागातली हळदही इथे येते. हंगामात आवक दाटली की भाव दबतो. हळदीला किमान आधारभूत किंमत नसल्याने खाली आधार असा काही नाही.

कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात यावर निघालेला उपाय म्हणजे पेव. घट्ट मातीत खणलेला खोल, अरुंद तोंडाचा खड्डा पाला-गवताचे अस्तर लावून हळदीने भरायचा आणि तोंड बंद करायचे. आत हवा खेळत नसल्याने कीड टिकत नाही. त्याच कारणाने, उघडलेल्या पेवात माणूस लगेच उतरत नसे. पेवाने किडीचा धोका कमी झाला, भावाचा मात्र तसाच राहिला. उलट माल लवकर बिघडत नसल्याने विकण्याची निकडच उरत नसे, आणि ‘अजून थोडं थांबू’ म्हणत तोट्यातला माल पुढच्या हंगामात ढकलता येई. शेअरबाजारातला ‘स्टॉपलॉस’, म्हणजे आधीच ठरवलेली तोट्याची मर्यादा, नेमकी याच सवयीला आवर घालण्यासाठी असते. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले. सगळा माल एकाच नदीकाठी, जमिनीखाली ठेवण्यातली जोखीम तेव्हा उघडी पडली आणि साठवण गोदामे व शीतगृहांकडे वळली.

थांबण्यालाही खर्च असतो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. तीत हळदीवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजाने कर्ज मिळते. समजा भाव क्विंटलला १२,००० रुपये आहे. ९,००० रुपये कर्जाचे सहा महिन्यांचे व्याज २७० रुपये होते. वजनात २ टक्के घट धरली, तर सुमारे १२,५२० रुपये भाव आल्यावर शेतकरी आजच्या जागी पोहोचतो, गोदामभाडे वेगळेच. हा आकडा न मांडता धरलेला माल म्हणजे निव्वळ आशा. कर्जात न दिलेले २५ टक्के हे देणाऱ्याने भावाच्या घसरणीसाठी राखलेले अंतर होय. तेवढाच हिशेब घेणाऱ्यानेही मांडावा. व्यवहारात अनेकजण माल टप्प्याटप्प्याने विकतात : घरखर्च आणि पुढच्या लागणीपुरता आधी, उरलेला भाव पाहून. नेमका शिखरावरचा भाव यात कधीच पूर्ण हाती येत नाही, पण सगळे एकाच दिवसावर अवलंबूनही राहत नाही.

भाव आधीच बांधून घेण्याची सोय म्हणजे वायदा. हळदीचे वायदे सांगलीच्या स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंजमध्ये चालत. पुढे ते एनसीडीईएक्स या राष्ट्रीय वायदेबाजारावर आले. तिथे निजामाबादचा भाव प्रमाण मानतात. सांगलीच्या राजापुरी हळकुंडांचा भाव त्याच्याशी पावलास पाऊल मिळवून चालत नाही, त्यामुळे वायद्याने जोखीम घटते, संपत नाही. शिवाय भाव उलटला की रोज मार्जिन, म्हणजे तोट्यापोटीची रक्कम, भरावे लागते, आणि पैसा हळदीत अडकलेल्याला तेच जड जाते.

भावासाठी थांबायला साताऱ्याच्या आले उत्पादकाला तर गोदामही लागत नाही. भाव पडला की तो आले जमिनीतच ठेवतो. पीक वाढत राहते, वजन मिळते. पण पावसाळा आला की कंदकूज सुरू होण्याची भीती असते, आणि एकदा कूज पसरली की काढणीचा दिवस भाव नव्हे, रोग ठरवतो.