लखोट्यातला प्रश्न

वरठी हे माझे गाव. रेल्वेच्या वेळापत्रकात ते 'भंडारा रोड' या नावाने सापडते. वडील या लोहमार्गावर गँगमन होते. मी मॅट्रिकला बसलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पेपर सीलबंद लखोट्यात येतो. त्यात पाटलाच्या पोराला वेगळा न् तुला वेगळा सवाल नसतो. लिही." त्यांना सही करता येत नव्हती, पण परीक्षा म्हणजे काय, हे त्यांना नेमके कळले होते.

शतकानुशतके आमच्या माणसाला कुणी प्रश्नच विचारला नाही. शिकवणाराच परीक्षक होता, आणि समोर कुणी बसायचे हे तोच ठरवीत होता. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली तेथे पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. छापील प्रश्नपत्रिकेने सर्वांपुढे एकच प्रश्न ठेवला. पुढे उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक आला आणि तीन तासांपुरते तरी आडनाव बाहेर राहिले. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते या परीक्षापद्धतीतून. मात्र त्यांनी परीक्षेची पूजा केली नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना, दर्जाच्या नावाखाली परीक्षा अवघड करून मागासलेल्यांना दाराबाहेर ठेवू नका, असे त्यांनी बजावले होते.

लखोट्यालाही भोके होती. प्रश्न लिहिणारा प्राध्यापक, खिळे जुळवणारा कंपोझिटर, प्रुफे तपासणारा, गठ्ठा बांधणारा, परिरक्षक: इतक्या हातांतून कागद जाई. परीक्षेआधी कित्येक दिवस तो कुठल्या तरी कपाटात पडून असे. पैसा आणि ओळख असलेल्यांना त्या कपाटाची वाट सापडे. १९८२ साली महाराष्ट्राने परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. २०२४ साली केंद्रालाही करावा लागला.

आता अनेक विद्यापीठांत लखोटाच गेला आहे. प्रश्नपत्रिका संगणकावर तयार होते, कुलूपबंद फाइल होऊन केंद्रावर येते. पेपरच्या थोडा वेळ आधी पासवर्ड मिळतो आणि केंद्रावरच्याच यंत्रावर प्रती छापल्या जातात. प्रतीवर केंद्राची खूण उमटवता येते. पेपर फुटला तर कुठून फुटला याचा माग लागतो. दिवसांची जोखीम मिनिटांवर आली. हा लाभ मी नाकारीत नाही.

पण एका केंद्रावर पर्यवेक्षक असताना मी जे पाहिले ते विसरता येत नाही. वीज गेली, यंत्र अडले, प्रती उशिरा निघाल्या. इंग्रजी मजकूर स्वच्छ होता. मराठीत जोडाक्षरे फुटून चौकोन उमटले होते. इंग्रजी माध्यमाची मुले लिहू लागली. मराठी माध्यमाची, म्हणजे बहुतेक आमचीच, पोरे एकमेकांकडे पाहत बसली.

हा दोष यंत्राचा नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने संगणकावर भारतीय लिप्यांचे मोठे काम केले. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. तरीही कित्येक कार्यालये जुन्या, आपापल्या सांकेतिक फाँटवरच अडून राहिली. तो फाँट फाइलमध्येच बसवला नाही, तर दुसऱ्या संगणकावर अक्षरांचा चिखल होतो. फाइल धाडण्यापूर्वी एकदा मराठी प्रत छापून पाहिली असती, तर हे टळले असते. ती कुणी पाहिली नाही, एवढेच.

समता घटनेत लिहिली म्हणून ती परीक्षेच्या खोलीत आपोआप येत नाही. एकच प्रश्न, एकाच वेळी, वाचता येईल अशा अक्षरांत, ही समतेची किमान अट आहे. ती कागदाने पाळो की संगणकाने. केंद्र निवडताना वीज, जनरेटर, यंत्र तपासले का, वाया गेलेली मिनिटे परत दिली का, हे आमच्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी परीक्षेच्या आधी विचारले पाहिजे. निकालानंतर मोर्चा काढून ती मिनिटे परत येत नाहीत.

वडिलांचा विश्वास लाखेच्या शिक्क्यावर नव्हता. आत सर्वांसाठी एकच सवाल आहे, यावर होता.