कामांची साखळी

एखादे बांधकाम महिनाभर रखडले की आपण चटकन् म्हणतो, माणसे आळशी! पण पुष्कळदा माणसे राबतच असतात. चुकलेली असते ती कामांची जोडणी. ही जोडणी कागदावर मांडण्याची रीत कशी निघाली, ते पाहण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट या अमेरिकन इंजिनियराने आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला. काम कधी सुरू होणार, कधी संपणार, हे त्यात एका नजरेत दिसे. मात्र एक काम अडले तर त्यापायी दुसरे कोणते अडेल, हे पट्टी बापडी सांगत नसे.

१९५७ च्या सुमारास डू पाँट या रसायनांच्या कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडमधले गणिती जेम्स केली यांनी युनिव्हॅक गणकयंत्र हाताशी धरून हा प्रश्न सोडवला. प्रत्येक कामाला त्यांनी विचारले : तुझ्या आधी काय पुरे व्हायला हवे?

समजा, तुमच्या गावात शाळेची खोली बांधायची आहे. पाया ८ दिवस, भिंती १५, छप्पर ६; झाले २९ दिवस. पण दारे-खिडक्यांच्या चौकटी भिंतींबरोबरच उभ्या करायच्या असतात. लाकूड आणायला ४ दिवस, चौकटी करायला सुताराला ९. म्हणजे भिंतींना हात लागणार १३ दिवसांनी आणि खोली पुरी होणार ३४ व्या दिवशी. ही सर्वांत लांब साखळी, हाच ‘क्रिटिकल पाथ’. पायाला ५ दिवसांची सवड आहे. तिथे जादा मजूर लावाल तर पैसे फुकट. घाई करायची ती सुतारामागे! याउलट, यादीत खाली लिहिले म्हणून लाकूडही पायानंतरच आणायचे ठरवलेत, तर खोटा दुवा जोडलात. हिशेब ४२ दिवसांवर जाईल.

केंटकी राज्यात लुइव्हिल येथे डू पाँटचा कारखाना दुरुस्तीसाठी वेळोवेळी बंद ठेवावा लागे. या रीतीने आखणी केल्यावर बंदचा सरासरी काळ १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. केली आणि वॉकर यांनी १९५९ साली आपला निबंध बॉस्टनच्या परिषदेत मांडला.

गंमत अशी की, केली या साखळीला ‘मुख्य साखळी’ म्हणत. ‘क्रिटिकल पाथ’ हे नाव आले अमेरिकन आरमाराकडून. १९५८ साली पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी तिथे ‘पर्ट’ नावाची अशीच रीत निघाली. तीत प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेत : सगळे सुरळीत झाले तर, नेहमीसारखे झाले तर आणि विघ्ने आली तर. पोलॅरिस लवकर तयार झाले आणि श्रेय ‘पर्ट’ला मिळाले. पुढे १९७२ साली हार्वे सापोल्स्की यांनी त्या प्रकल्पाचा अभ्यास करून दाखवले, की ‘पर्ट’चा मोठा उपयोग वरिष्ठांवर छाप पाडून त्यांची ढवळाढवळ दूर ठेवण्यासाठीच झाला. मला स्वतःला लुइव्हिलचे ते ३२ तास अधिक खरे वाटतात.