न्युरेंबर्गचा गोड मसाला



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने चार ओळी तरी लिहाव्यात असे सभेत ठरले, तेव्हा मी हळूच मागच्या रांगेत जाऊन बसले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटले की सनावळ्या चुकल्याबद्दल हातावर बसलेली छडी तेवढी आठवते. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, त्या जर्मन मसाल्याची हकीगत तुम्ही आम्हाला सांगितलीत ना, तीच लिहा." तेव्हा धीर करून लिहीत आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

माझ्या नणंदेची मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत न्युरेंबर्ग शहरी असते. मागल्या खेपेस येताना तिने तिकडच्या नाताळातल्या गोल, तपकिरी वड्या आणल्या आणि सोबत पंधरा ग्रॅमची एक पुडी. म्हणाली, "मामी, यात काय काय आहे ते वासावरून सांग पाहू." मी पुडी नाकाशी धरली. दालचिनी आणि लवंग लगेच कळली. मागून वेलदोडा, जायफळ, जायपत्री, सुंठ. आणि शेवटी चक्क धने! गोडाच्या पदार्थात धने पाहून मला हसूच आले. आपल्या गोड्या मसाल्यातून तीळ, खोबरे, दगडफूल काढून ठेवावे आणि उरलेला डबा परदेशी पाठवावा, तसा तो प्रकार. या वड्यांना तिकडे लेबकुखेन म्हणतात आणि मसाल्याला लेबकुखेनगेव्युर्त्स. नाव उच्चारताना माझी जीभ अडखळते, पण वास मात्र घरचा!

मग मनात प्रश्न आला. ज्या मुलखात बर्फ पडते, तेथे ना लवंगेचे झाड, ना वेलदोड्याचे. मग हा मसाला त्यांच्या सणाचा कसा झाला? भाचीने तिकडची पुस्तके वाचून मला समजावून दिले. त्यातले जे लक्षात राहिले ते सांगते.

ही गोष्ट सुमारे सातशे वर्षांमागची. त्या काळी तिकडे साखर फार दुर्मिळ, तेव्हा गोडवा मधाचा. न्युरेंबर्गच्या सभोवती मोठे शाही अरण्य होते. त्यात मधमाश्या पाळून मध काढणारे लोक राहत. त्यांना १३५० साली सम्राट चौथा चार्ल्स याने खास हक्क दिले. त्या अरण्याला साम्राज्याची मधमाश्यांची बागच म्हणत. त्या प्रांतातल्या मठांत साधू लोक मध, पीठ आणि मसाले मिळून वड्या भाजत. पीठ चिकट, ते भांड्याला धरू नये म्हणून खाली पातळ पापुद्रा घालीत. त्यांच्या प्रार्थनेत प्रसाद म्हणून जो पापुद्रा देतात, त्याच जातीचा. आजही न्युरेंबर्गच्या वडीखाली तो पांढरा पापुद्रा असतो. पीठ फुगवायला लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार घालीत. आपला पापडखार आठवला ना? त्याचाच हा भाऊबंद.

शहराच्या कागदपत्रांत या वड्या करणाऱ्याचा पहिला उल्लेख १३९५ चा आहे. पुढे १४८७ साली सम्राट तिसरा फ्रेडरिक न्युरेंबर्गात आला असता त्याने सुमारे चार हजार मुलांना बोलावून आपली छबी उमटवलेल्या वड्या वाटल्या, असे सांगतात. राजाचे मोठेपण मुलांच्या तोंडातच विरघळले म्हणायचे!

मध घरचा, पीठ घरचे, पण मसाला? तो आला आपल्या बाजूने. मिरी, वेलदोडा आणि सुंठ मलबारची. दालचिनी लंकेची. लवंग त्याहून पूर्वेच्या मोलुक्का बेटांची, आणि जायफळ-जायपत्री बांदा बेटांची. हा माल गलबतांतून अरबस्तानाकडे, तेथून तांबड्या समुद्राने मिसर देशात, अलेक्झांड्रिया बंदरातून इटलीच्या व्हेनिस शहरी जाई. व्हेनिसला जर्मन व्यापाऱ्यांची स्वतंत्र वखार होती. तेथून खेचरांच्या पाठीवर आल्प्स पर्वत ओलांडून माल न्युरेंबर्गच्या पेठेत उतरे. त्या शहरातल्या मार्टिन बेहाइम नावाच्या गृहस्थाने १४९२ साली पृथ्वीचा गोल तयार करविला. तो अजून तेथील संग्रहालयात आहे. मसाला किती हातांतून फिरत येतो आणि म्हणून किती महाग पडतो, हे त्या गोलावर लिहिलेले आहे. नवल असे की, त्यावर अमेरिका खंड नाही, कारण त्याचा पत्ताच तेव्हा तिकडे लागलेला नव्हता.

इतका महाग माल म्हटल्यावर भेसळ आलीच. न्युरेंबर्गात मसाला तपासणारे सरकारी पारखी नेमलेले असत आणि शिक्षा भयंकर होती. १४४४ साली केशरात भेसळ केल्याबद्दल एका माणसाला त्याच्या मालासकट जाळल्याची नोंद आहे. एवढी कठोर शिक्षा कोणालाही होऊ नये. परंतु हळदीत रंग आणि मिरीत पपईचे बी पाहिले की पारखी तरी हवेत, असे वाटते खरे.

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला आणि व्हेनिसची वाट सोडून समुद्राची सरळ वाट युरोपला मिळाली. पुढे १५०५ मध्ये पोर्तुगीजांचा मोठा आरमारी ताफा आला. त्यातली काही गलबते जर्मन आणि इटालियन सावकारांच्या पैशाने सजली होती. त्यांत न्युरेंबर्गच्या पेढ्याही होत्या. याच ताफ्याने आपल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधला आणि पुढे कोचीनला जाऊन मिरी भरली. सावकारांचा एक जर्मन माणूस, बाल्थाझार श्प्रेंगर, त्या सफरीत होता. परत जाऊन १५०९ साली त्याने प्रवासवर्णन छापले. म्हणजे न्युरेंबर्गच्या मसाल्याचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध माझ्या कल्पनेतला नाही, तो छापील आहे. पण त्या गलबतांवर तोफाही होत्या, आणि मिरीच्या पायी आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ रक्त सांडले. गोड वडी खाताना एवढी आठवण ठेवावी.

या मसाल्यात आणखी एक जिन्नस असतो, तो म्हणजे ऑलस्पाइस. आपले दुकानदार त्याला कबाबचिनी म्हणून देतात. मिरीहून थोडे मोठे फळ, आणि वास लवंग, दालचिनी, जायफळ एकत्र केल्यासारखा. हे जमैकाकडचे, अर्थात बेहाइमच्या गोलावर नसलेल्या मुलखातले. तेव्हा तो मागाहून आला हे उघड आहे. आपल्या स्वयंपाकात मिरची मागाहून आली आणि घरचीच झाली, तसेच हे. मिरीचे मात्र उलटे झाले. तिकडे या वड्यांना काही भागांत 'मिरीची वडी' म्हणतात, पण त्यात पुष्कळदा मिरी नसतेच. पूर्वी परदेशी मसाला म्हटला की सगळ्याला मिरीच म्हणत, म्हणून ते नाव राहिले.

१६४३ साली न्युरेंबर्गात या वड्या करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ झाला. प्रत्येक कारागीर आपले मसाल्याचे प्रमाण गुप्त ठेवी. १९९६ पासून युरोपात कायदाच आहे की, त्या शहरात केलेल्या वड्यांनाच 'न्युरेंबर्गर' हे नाव लावावे. उत्तम जातीच्या वडीस एलिझेन म्हणतात. तीत पीठ शंभरात दहा भागांहून अधिक चालत नाही आणि बदाम, अक्रोड, हेझलनट यांचा मिळून निदान चौथा हिस्सा असावा लागतो. एका कारागिराची मुलगी आजारी पडली, तेव्हा त्याने तिच्यासाठी ही वडी केली आणि तिचेच नाव दिले, अशी दंतकथा आहे. दंतकथा असली तरी बापाची माया खोटी कशाला म्हणा?

आता प्रमाण. भाचीने तिकडच्या घरांतले नेहमीचे लिहून दिले ते असे: दालचिनी ३५ ग्रॅम, लवंग ९ ग्रॅम, कबाबचिनी, धने, वेलदोड्याचे दाणे आणि सुंठ प्रत्येकी २ ग्रॅम, जायफळ व जायपत्री प्रत्येकी १ ग्रॅम. कोणी बडीशेप किंवा चक्रीफूलही घालतात. अर्धा किलो पिठाला यातला सुमारे १५ ग्रॅम मसाला पुरतो. दालचिनी शक्यतो लंकेची घ्यावी. तिची साल कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेली असते. जाड सालीच्या दालचिनीत कुमारीन नावाचे द्रव्य जास्त असते, ते अति झाल्यास यकृताला बाधते, म्हणून २००६ साली जर्मनीत सरकारी तज्ज्ञांनी लोकांना सावध केले होते.

एक सूचना. हा मसाला भाजायचा नाही. मी पहिल्या खेपेस सवयीने सगळे तव्यावर परतले आणि नानकटाईला आमटीचा वास आला. घरातल्या मंडळींनी निमूटपणे खाल्ली, एवढेच. जिन्नस कोरडे करून तसेच दळावेत, जायफळ किसणीवर किसावे, चाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. दुसऱ्या खेपेस नानकटाई अशी झाली की शेजारच्या मुलांनी डबा पुसून नेला.

शेवटी मनातले सांगते. माझ्या सासूबाईंचा गोडा मसाला साऱ्या आळीत नावाजलेला होता. मी पंधरा वर्षे त्यांच्या हाताखाली कुटले, चाळले, परंतु जिन्नस मोजताना त्या मला पाणी आणायला पाठवीत. त्या गेल्या आणि प्रमाणही त्यांच्याबरोबर गेले. आजही आमटीचा पहिला घास घेतल्यावर आमच्याकडे हे क्षणभर थांबतात आणि काही बोलत नाहीत. मला ते समजते. मी त्यांना दोष देत नाही. घरात बाईच्या मालकीचे दुसरे होते तरी काय? तेवढे एक गुपितच होते.

परंतु न्युरेंबर्गच्या कारागिरांची गुपिते काही त्यांच्याबरोबर गेली असतील, आणि मसाला टिकला तो घरोघरी लिहून ठेवलेल्या प्रमाणांमुळे, असे मला वाटते. म्हणून मी माझ्या अंदाजाने जमवलेल्या गोड्या मसाल्याचे प्रमाण वहीत लिहून ती वही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. सासूबाईंइतका तो साधलेला नाही. ज्यांच्या घरी अजून विचारायला कोणी आहे, त्यांनी आजच संध्याकाळी विचारावे आणि त्या वहीच्या पुढच्या पानावर लिहावे, एवढीच विनंती.